मोठ्या संख्येचे कुळ कोणते?

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उलटी वाचली तरी तीच राहते. ती नऊ एक्क्यांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे. तिचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. त्यांतला ३ चार वेळा येतो, उरलेले दोन-दोन वेळा. म्हणून तिला नेमके ४५ विभाजक आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही १२३४५६७९ चा वर्ग निघतो.

ही सगळी विधाने खरी आहेत, पण एका जातीची नाहीत. ही संख्या वर्ग आहे, तिला ४५ विभाजक आहेत, हे ती कुठल्याही लिपीत, कुठल्याही पद्धतीने लिहिली तरी बदलत नाही. उलटसुलट सारखी वाचली जाणे मात्र आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून घडते. आठच्या पायावर लिहिली तर तिचा पहिला अंक ५ आणि शेवटचा १ येतो. सगळी शोभा गेली. पहिल्या प्रकारच्या गुणांना या लेखापुरते अंगभूत म्हणू, दुसऱ्यांना अंकाश्रित.

मोठ्या संख्येचे वर्गीकरण करताना अंकाश्रित गुणांना किती किंमत द्यायची, हा वाद शतकभर चालू आहे. त्यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे, कारण अंकाश्रित वर्गांतले निदान चार वर्ग देवळालीच्या एका शाळामास्तरांनी जगाला दिले. तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यासारख्या गावी बसून या वादाचा आढावा घेता येतो, तोही याचमुळे: यातली निम्मी सामग्री तपासायला कागद-पेन्सिल पुरते.

आधीची वाट

मोठ्या संख्यांना नावे देण्याची आपली परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. त्यात लक्षानंतर प्रयुत, मग कोटि. शेवटी अन्त्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. वर दिलेली आपली संख्या एका मध्याच्या थोडी पुढची. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, आणि त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे, इ. स. १२०७ चा. एवढा मोठा पसारा नावांनी बांधण्याची सोय स्थानमूल्याने केली. दहाच्या पायाचे हे उपकार आहेत, आणि पुढच्या वादाची बीजेही त्यातच आहेत.

अंगभूत गुणांवरचे वर्गीकरण त्याहून जुने. विभाजकांची बेरीज करून संख्येला परिपूर्ण, अतिरिक्त किंवा न्यून ठरवणे ग्रीकांपासून चालत आले आहे. (६ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ३, बेरीज ६, म्हणून ती परिपूर्ण.) आपली सतरा अंकी संख्या या हिशेबाने न्यून आहे.

आधुनिक काळात या वाटेवर सर्वांत मोठे पाऊल रामानुजन यांचे. १९१५ साली त्यांनी ‘अतिसंयुक्त’ संख्यांवर प्रबंध लिहिला. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक आहेत, ती अतिसंयुक्त. त्यांचा तक्ता ६७४६३२८३८८८०० पर्यंत, म्हणजे ६,७४,६३२ कोटींच्या पुढे जातो. या शेवटच्या संख्येला १०,०८० विभाजक आहेत. हे सारे हाताने केलेले, आणि एवढ्या लांबच्या तक्त्यात एकच संख्या सुटली: २९३३१८६२५६००. गंमत अशी की सुटलेल्या संख्येला २३ ने गुणले की तक्त्यातली शेवटची संख्या मिळते.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, १९०५ चा. ठाण्यात शाळा, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये कॉलेज. १९२७ साली विद्यार्थिदशेतच त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत मास्तरकी. गणितात पुढची पदवी घेतली नाही, कुठल्या विद्यापीठात जागा नव्हती. पदरचे पैसे घालून पुस्तिका छापायच्या आणि परिषदांना जायचे, असा त्यांचा क्रम. आपल्याकडच्या प्राध्यापकमंडळींत त्यांच्या कामाला फारसे वजन नव्हते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि मग नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम ६१७४ चे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊन पाहू. ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१ राहिले. मग ९५३१ वजा १३५९ बरोबर ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. सात वजाबाक्या लागल्या, आणि कुठल्याही चार अंकी संख्येला यापेक्षा जास्त लागत नाहीत. हा शोध १९४६ चा; १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून आला.

दुसरा वर्ग स्वयंभू संख्यांचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: २१ मध्ये २ अधिक १ मिळवले की २४. पण काही संख्या अशा कुठल्याच संख्येपासून जन्मत नाहीत. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ अशा त्या चालतात. याच संख्यांना कोणी देवळाली संख्या म्हणते, कोणी कोलंबियन. दुसरे नाव बर्नार्दो रेकामान या कोलंबियाच्या गणितज्ञाने हाच प्रश्न स्वतंत्रपणे मांडला त्यावरून आले. आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू नाही. १२३४५६७८९८७६५४२४० या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते, ती त्यात मिळवली की आपली संख्या मिळते. तिचा हा जनक एकुलता एक आहे. दोन जनक असलेल्या संख्यांना कापरेकर संगम म्हणत. १०१ ही त्यांतली सर्वांत लहान, कारण ती ९१ पासूनही जन्मते आणि १०० पासूनही. एकावर चोवीस शून्ये द्या आणि त्यात १०२ मिळवा, तर त्या पंचवीस अंकी संख्येला चार जनक सापडतात.

बाकीचे दोन वर्ग थोडक्यात. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या त्या हर्षद संख्या. आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे हे वर आलेच. आणि वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की परत तीच संख्या देणाऱ्या त्या कापरेकर संख्या: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. याशिवाय मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेमलो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या डेमलो संख्या. लेखाच्या सुरुवातीची संख्या त्याच कुटुंबातली. दहा एक्क्यांचा वर्ग केला की १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो आणि हातच्यामुळे साखळी तुटते.

हार्डी यांची बाजू

अंकाश्रित गुणांविरुद्धची बाजू सर्वांत स्पष्टपणे मांडली ती केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांनी, १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’त. रोख कापरेकरांवर नव्हता, ६१७४ तेव्हा सापडायची होती. हार्डींनी ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणे घेतली. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. (अंक एकसारखे उलटसुलट असलेल्या सोडून.) हार्डींचे म्हणणे, हे कोड्यांच्या सदराला ठीक, पण गणितज्ञाला यात हाती काही लागत नाही. सिद्धता अवघड नाही आणि खोलही नाही. शिवाय विधान इतके विशिष्ट आहे की त्यातून दुसरे काही निघत नाही.

या आक्षेपात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, दहाचा पाया हा गणिताचा नियम नाही, माणसाच्या बोटांचा योगायोग आहे. दुसरी, व्यापकता नाही. हार्डींच्याच आठवणीतली १७२९ ही टॅक्सीची संख्या दोन्ही बाजू एकत्र दाखवते. ती दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन रीतींनी लिहिता येते, हे अंगभूत. रामानुजनांनी तेच सांगितले. पण १ अधिक ७ अधिक २ अधिक ९ म्हणजे १९, आणि १७२९ बरोबर १९ गुणिले ९१, एकमेकांची उलटी रूपे. हे अंकाश्रित. हार्डींच्या मते पहिल्यात गणित आहे, दुसऱ्यात नाही.

ही बाजू आजही बहुतेक विद्यापीठांत अलिखितपणे मान्य आहे. तिच्या बाजूने आणखी एक सांगण्यासारखे आहे: अंकांच्या बेरजेवर शुभाशुभ सांगणारे अंकशास्त्र याच दारातून शिरते, आणि विद्यार्थ्याला दोन्हींतला फरक सांगावा लागतो.

उलट बाजू

कापरेकरांच्या बाजूने दिलेले उत्तर बहुधा हौसेचे असते: अंकांचे खेळ मुलांना गणिताकडे ओढतात. हे खरे आहे, पण हार्डींना ते उत्तर होत नाही. खरे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत हळूहळू तयार झाले.

पहिले, कापरेकर संख्यांचे. दोन-दोन अंकांचे तुकडे करून बेरीज करणे म्हणजे ९९ ने भागून बाकी काढणे. म्हणजे ४५ चा वर्ग आणि ४५ यांची ९९ ने भागल्यावरची बाकी एकच. दुसऱ्या शब्दांत, ४५ गुणिले ४४ ला ९९ ने भाग जातो. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. आता अशी संख्या शोधा जिला ९ ने भाग जातो आणि तिच्या आधीच्या संख्येला ११ ने. मिळते ४५. उलट करा, मिळते ५५, आणि ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ बरोबर ५५. तीन अंकांसाठी ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. त्यातून २९७ आणि ७०३ निघतात. डग्लस इआनुची यांनी २००० साली हे पुरते बसवून दाखवले: कापरेकर संख्यांची यादी म्हणजे ९, ९९, ९९९ अशा संख्यांचे सहमूळ तुकडे पाडण्याच्या रीतींची यादी. ज्याला कोडे समजत होतो तिथे नीट बांधलेला अंकसिद्धांत निघाला. दहाच्या जागी दुसरा पाया घेतला तरी सिद्धता तशीच चालते.

(हार्डींनी बाजूला टाकलेली ९८०१ ही ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ अधिक ०१ बरोबर ९९. एका दाराने घालवलेली संख्या दुसऱ्या दाराने आत आली.)

दुसरे, हर्षद संख्यांचे. १ ते १० या सलग दहा हर्षद आहेत. सलग किती असू शकतात? कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की सलग २१ कधीच नसतात, आणि सलग २० मात्र अनंत वेळा सापडतात. त्यांनी बांधलेल्या अशा साखळीतल्या संख्यांना ४,४३६ कोटींहून जास्त अंक आहेत. लिहून काढायच्या म्हटल्या तर कागदाच्या गिरण्या पुरायच्या नाहीत. पुढच्याच वर्षी ग्रुंडमन यांनी सामान्य रूप दिले: पाया कोणताही असो, सलग हर्षद संख्या पायाच्या दुपटीहून जास्त नसतात. म्हणजे ‘वीस’ हा आकडा दहाच्या पायाचा, पण ‘दुप्पट’ हा नियम सर्व पायांचा. व्यापकता नसल्याचा आक्षेप इथे पडतो. २००३ साली द कोनिंक, दोयों आणि काताई यांनी हर्षद संख्या किती दाट असतात तेही काढले. त्यांची संख्या मूळ संख्यांच्या गतीनेच विरळ होत जाते, फक्त सुमारे १.१९ पट जास्त.

तिसरे, ६१७४ चे. १९७८ मध्ये जर्मनीतल्या क्रेलेच्या नियतकालिकात चार अंकी कापरेकर स्थिरांकांवर लेख आला. लेखकांतले एक होते हेल्मुट हासे, विसाव्या शतकातले अंकसिद्धांताचे एक मोठे नाव. पाचच्या पायावरही असा स्थिरांक आहे, तिथे तो ३०३२ असा लिहिला जातो. १९८१ साली प्रिचेट, लुडिंग्टन आणि लापेंटा यांनी दशमानातले सगळे स्थिरांक ठरवून टाकले. तीन अंकांत ४९५ आणि चारांत ६१७४ हेच असे आहेत की सगळे रस्ते तिथेच येतात. पाच अंकांत स्थिरांकच नाही, फेरे मात्र आहेत. ५३९५५ वरून ५९९९४ आणि परत ५३९५५.

स्वयंभूंचा प्रश्न मला सर्वांत देखणा वाटतो, म्हणून जरा थांबतो. एक लाख ही संख्या स्वयंभू नाही: ९९९५९ च्या अंकांची बेरीज ४१, मिळवली की एक लाख. एक कोटीही नाही: ९९९९९५० मध्ये ५० मिळवा. पण दहा लाख, भास्कराचार्यांचे प्रयुत, स्वयंभू आहे. का?

समजा, एकावर काही शून्ये असलेल्या संख्येला जनक आहे. तो त्या शून्यांइतक्या नवांच्या संख्येपेक्षा थोडा लहान असणार. ही तूट धरू. नवांतून कोणताही अंक वजा करताना हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज म्हणजे शून्यांची नऊपट वजा तुटीच्या अंकांची बेरीज. हिशेब जुळवला की उरते ते एवढेच: तूट अधिक तुटीच्या अंकांची बेरीज बरोबर शून्यांची नऊपट वजा एक. लाखाला पाच शून्ये, म्हणून ४४ हवे. ४० अधिक ४ ने ते होते. कोटीला सात, म्हणून ६२ हवे. ४९ अधिक १३ ने ते होते. दहा लाखाला सहा शून्ये, म्हणून ५३ हवे, आणि ५३ स्वतःच स्वयंभू! तिला जनक नाही म्हणून दहा लाखालाही नाही. प्रचंड संख्येचा प्रश्न दोन अंकी संख्येच्या प्रश्नावर येऊन ठेपला. पुढची अशी संख्या मध्य, सोळा शून्यांची, कारण १४३ स्वयंभू आहे. परार्धाला मात्र जनक आहे.

स्वयंभू संख्या एकूण किती, याचे उत्तर उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये दिले. त्या कधी विरळ होत नाहीत. हजारात सरासरी सुमारे ९८, कितीही पुढे जा.

तिसरी बाजू: लिहिलेली संख्या

या दोहोंच्या मधली एक बाजू आहे, ती फारशी चर्चेत येत नाही. तिचे म्हणणे असे: संख्या लिहिली जाते, सांगितली जाते, टंकली जाते, तेव्हा तिचे अंकच खरे असतात. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा अंकांतला शेवटचा अंक माहितीचा नाही, तपासणीचा आहे. तो फेरहूफ या डच गणितज्ञाच्या १९६९ च्या रीतीने काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर ही रीत प्रत्येक वेळी चूक पकडते. साध्या बेरजेने हे होत नाही, कारण बेरजेला क्रमाचे भान नसते. फेरहूफ यांनी त्यासाठी नियमित पंचकोनाला त्याच्याच जागी बसवणाऱ्या दहा हालचालींचा गट वापरला. त्यात आधी फिरवून मग उलटवणे आणि आधी उलटवून मग फिरवणे वेगळे पडते.

इथे अंकाश्रित गुण नैसर्गिक नाही, मुद्दाम बसवलेला आहे. पण तो बसवायला अमूर्त बीजगणित लागले. हार्डींच्या कसोटीवर हे कुठे बसेल, सांगणे अवघड.

काय सुटलेले नाही

दोन्ही कुळांत न सुटलेले पुष्कळ आहे, आणि ते सारख्या दर्जाचे नाही.

अंगभूत बाजूला विषम परिपूर्ण संख्या आहे का, हा सर्वांत जुना प्रश्न. ओशेम आणि राव यांनी २०१२ मध्ये दाखवले की असलीच तर ती १,५०० हून जास्त अंकांची असेल. सम परिपूर्ण संख्या मर्सेन मूळ संख्यांशी जोडलेल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली अशी सर्वांत मोठी मूळ संख्या ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात ठरवण्याची हुकमी रीत आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. अवयव पाडण्याची तशी रीत आजच्या संगणकांसाठी कोणाकडे नाही. खास अवघड म्हणून निवडलेली एक २५० अंकी संख्या २०२० साली फोडायला कित्येक संगणकांची फौज लागली.

हा अवयवांचा प्रश्न दुसऱ्या कुळातही जसाच्या तसा येतो. मोठ्या कापरेकर संख्या सगळ्या हव्या असतील तर नवांच्या लांब रांगांचे, म्हणजेच एक्क्यांच्या रांगांचे अवयव हवेत. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एक्क्यांच्या संख्या मूळ आहेत. शेवटची १९८६ मध्ये सिद्ध झाली. ४९,०८१ एक्क्यांची सिद्ध व्हायला २०२२ उजाडले. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, ठाऊक नाही. स्वयंभूही आहेत आणि मूळही आहेत अशा संख्या अनंत आहेत का, याचीही सिद्धता नाही.

मग १९६. संख्या उलटून तिच्यातच मिळवायची, उलटसुलट सारखी येईपर्यंत. ८९ ला चोवीस पावले लागतात आणि येते ८८१३२०००२३१८८. १९६ चे कोट्यवधी अंकांपर्यंत जाऊनही काही झालेले नाही. ती कधीच पोहोचत नाही, असे सगळ्यांना वाटते. दोनच्या पायावर अशी संख्या असल्याची सिद्धता आहे, दहाच्या पायावर एकही नाही. हार्डींचा आक्षेप इथे वेगळ्या रूपाने उभा राहतो. हा प्रश्न सुटत नाही तो खोल आहे म्हणून, की त्याला धरायला मुळात काही नाहीच म्हणून? हातच्यांची साखळी कुठल्याही नेहमीच्या अवजाराला दाद देत नाही.

आज वाद कुठे आहे

माझ्या मते कुळांची जुनी विभागणी आता पुरत नाही. विभागणी अंगभूत आणि अंकाश्रित अशी न करता, अंकांची क्रिया बाकीच्या हिशेबात उतरते की नाही, यावर करावी. कापरेकर, हर्षद, स्वयंभू हे वर्ग उतरतात, म्हणून त्यांना प्रमेये मिळाली आणि ती सर्व पायांना लागू झाली. अंक चढत्या-उतरत्या क्रमाने मांडणे अर्धेमुर्धे उतरते. ६१७४ ला आणि तिच्या भावंडांना जागा मिळाली, पण सर्व लांबीच्या संख्यांच्या फेऱ्यांना सर्व पायांवर एकच नियम मिळालेला नाही. उलटून मिळवणे अजिबात उतरत नाही. ८७१२ बद्दल हार्डी बरोबर असतीलही; ४५ बद्दल त्यांचे म्हणणे लागू पडत नाही.

दोन्ही कुळे एकमेकांपासून फार दूरही नाहीत. रामानुजनांच्या तक्त्यातली शेवटची संख्या तपासा: अंकांची बेरीज ६३, आणि तिला ६३ ने भाग जातो. त्यांच्याकडून सुटलेलीची बेरीज ४५, तीही हर्षद. लहान-मोठ्या अतिसंयुक्त संख्या सरसकट हर्षद असाव्यात असे वाटू लागते, ते २४ कोटी ५० लाख ४४ हजार ८०० पर्यंत. तिथे बेरीज २७ येते, आणि २७ ने भाग जात नाही. इतके विभाजक असलेल्या संख्येला २७ नेमका चुकावा, याचे कारण तिच्या अवयवांत ३ दोनदाच आहे.

सिहोरा-तुमसर भागातल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. ६१७४ चा खेळ मुलांना दाखवताच, तो तिथे संपवू नका. पुढच्या तासाला तोच पाचच्या पायावर करून घ्या, म्हणजे काय आपल्या बोटांचे आणि काय संख्येचे, ते त्यांचे त्यांना कळेल. आणि स्वयंभू ठरणाऱ्या, एकावर नुसती शून्ये असलेल्या संख्यांतल्या शून्यांची यादी फळ्यावर लिहा: ६, १६, २६, ३६, ४६. पुढचा आकडा विचारा. बहुतेक जण ५६ म्हणतील. पण ५६ ची नऊपट वजा एक म्हणजे ५०३, आणि ती ४९० पासून जन्मते. पुढचा आकडा ५७ आहे.